अंतरपाट आणि आमची तोफ

मी जिंकले, हे आधीच सांगून टाकते. गोष्ट शेवटपर्यंत ताणून धरण्याइतका दम माझ्यात नाही आणि जिंकल्यावर गप्प बसण्याइतका मोठेपणाही नाही. आमच्या घरात बरीच वर्षं एकच वाद चालू होता. फोन एवढे हुशार झालेले असताना हातभर लांब, भरल्या किटलीसारखी जड लेन्स खांद्यावर टाकून हिंडणारी बाई शहाणी की खुळी? खुळीच्या बाजूनं सगळं घर होतं आणि शहाणीच्या बाजूनं मी एकटी. हल्ली लासूरहून, कन्नडहून लग्नाची बोलावणी येतात तेव्हा मुलींच्या आया फोनवर आधी विचारतात, “तोफ घेऊन येताय ना?” मग माझी तब्येत विचारतात.

माझा स्टुडिओ औरंगपुऱ्यात आहे, चपलांचं दुकान आणि झेरॉक्सवाला यांच्या मध्ये. पासपोर्टचे फोटो, शाळेच्या ओळखपत्रांचे फोटो आणि पूर्वी स्थळांना दाखवायचे फोटो. हे शेवटचं काम आता संपल्यातच जमा आहे, कारण मुली घरच्या घरी फोनवर फोटो काढतात आणि हवा तेवढा उजळपणा त्यातच घालून घेतात. माझं पोट पासपोर्टवर चालतं. जीव मात्र थंडीत नाथसागरावर उतरणाऱ्या पाखरांत अडकलेला असतो. त्यांच्यासाठीच मी ही लेन्स घेतली, वर्तमानपत्रातून निवृत्त झालेल्या एका फोटोग्राफरकडून, वापरलेली.

तिला तोफ हे नाव दाजींनी दिलं. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. लासूर स्टेशनला त्यांची कांद्याची आडत आहे आणि तोंडात कायम एक खोडी. पहिल्यांदा लेन्स बघितली तेव्हा म्हणाले, “देवगिरीच्या बुरजावरून एक गायब झाली म्हणं. ती हीच का?” तेव्हापासून नाव चिकटलं ते चिकटलंच.

ताई-दाजींची एकुलती एक मुलगी, म्हणजे माझी भाची, पुण्यात कंपनीत कामाला आहे. मला मूलबाळ नाही, त्यामुळे ती माझीही आहे आणि हे तिला पुरेपूर ठाऊक असल्यानं ती माझ्याशी वाटेल तसं बोलते. दर दिवाळीला नवा फोन घेऊन येते आणि त्यातलं नवं काय ते मला शिकवते. फोनचं गणित मला तिनंच समजावलं. आपण बटण एकदा दाबतो, पण फोन तेवढ्यात कितीतरी फोटो घेतो. त्यातला बरा तुकडा इथून, बरा तिथून असं गोधडीसारखं जोडतो, फाटलेलं असेल तिथं स्वतःजवळचं ठिगळ लावतो आणि आपल्या हातात एकच गुळगुळीत फोटो ठेवतो. “मग तू कशाला ते ओझं वाहतेस?” हा तिचा प्रश्न प्रत्येक शिकवणीच्या शेवटी असायचाच.

एका हिवाळ्यात ती माझ्याबरोबर नाथसागरावर आली. धुकं सरत होतं आणि चक्रवाकांची जोडी पाण्याच्या कडेला बसली होती. मी चिखलात गुडघे रोवून, श्वास धरून एक फोटो काढला. तिनं उभ्या उभ्या फोन पुढे केला, दोन बोटांनी पडदा ताणला आणि काढला. लासूरला आल्यावर दोन्ही फोटो ताईच्या टीव्हीवर लागले. माझ्यात धुकं होतं, पक्षी मळकट नारिंगी होता आणि त्याच्या डोळ्यात थेंबभर उजेड होता. तिच्यात धुकं नव्हतंच. पाणी निळंशार, पक्षी झगझगीत, आणि पिसं नीट पाहिली तर ती पिसं नव्हती, ओल्या मातीवरून कंगवा फिरवल्यासारख्या रेघा होत्या. मी टीव्हीला नाक लावून ओरडले की फोनला पिसं दिसलीच नाहीत, त्यानं ती अंदाजानं भरलीत. कुणी ऐकायला तयार नव्हतं. दाजींनी हात वर करायला सांगितलं आणि सगळे हात फोनच्या बाजूनं वर झाले, ताईचासुद्धा. भाचीनं माझ्या गळ्यात हात टाकला आणि म्हणाली, “मावशी, तुझा फोटो खरा आहे. माझा छान आहे.”

हे मला फार लागलं. दोन दिवस मी तिच्याशी नीट बोलले नाही.

खोटं कशाला बोलू, फोन पुष्कळ ठिकाणी माझ्यापेक्षा सरस आहे. अंधाऱ्या खोलीत, चालत्या गाडीतून, जेवणाच्या ताटावर, वाढदिवसाच्या केकवर मी त्याच्या नादी लागत नाही. माझ्या कॅमेऱ्याची पिशवी उघडेपर्यंत केक कापून, वाटून, खाऊन झालेला असतो. मलाही कधी कधी वाटायचं की आपण हट्टाला पेटलोय. माझा खांदा दुखायला लागला होता. लेन्स कपाटात ठेवून द्यावी आणि पाखरं नुसती डोळ्यांनी बघावीत, असं मी स्वतःशी ठरवतही आणलं होतं.

अशात भाचीचं लग्न ठरलं. मुलगा तिच्याच कंपनीतला, घरचे लोक गंगापूरकडचे, साधे. लग्न बीड बायपासवरच्या एका लॉनमध्ये, दुपारच्या मुहूर्तावर. फोटोंचं काम तिनं परस्पर दोन तरुणांना दिलं, जे सगळं फोनवरच काढतात आणि लग्न संपायच्या आत त्याचे रील बनवून देतात. मला तिनं लाडीगोडीनं सांगितलं, “मावशी, तू नटून-थटून मिरव. प्लीज, तोफ तेवढी आणू नकोस. सगळे तिच्याकडेच बघत बसतील.”

“बघू,” मी म्हटलं. आमच्याकडे या शब्दाचा अर्थ ऐकणाऱ्यानं आपापल्या सोयीनं घ्यायचा असतो.

लग्नाचा बस्ता बांधायला सगळी मंडळी माझ्या दुकानाजवळच्या गुलमंडीच्या बाजारात आली. साड्या, शेले, आहेराचे कपडे घेऊन होईपर्यंत ताईचे पाय सुजले, म्हणून ती माझ्या स्टुडिओत येऊन टेकली. भाची ब्लाउजचं माप द्यायला गेली होती आणि दाजी बाहेर कुणाशी तरी कांद्याचे भाव बोलत होते. ताई पाणी प्यायली, तिनं भिंतीवरच्या माझ्या चक्रवाकाकडे बराच वेळ बघितलं आणि विचारलं, “ती तोफ लग्नाला आणायलीस ना?”

“नको म्हणालीय तुझी लेक.”

“ती म्हणंल. मी तिची आई हाय.” ताईनं पदरानं तोंड पुसलं. “मला तर बघता यायचं नाय ना गं.”

ती कशाबद्दल बोलतेय हे मला लगेच कळलं. आमच्याकडे लेकीचं लग्न लागताना आईनं बघायचं नसतं. मंगलाष्टकं सुरू झाली की तिनं तुळशीपाशी जायचं, तुळशीला पाणी घालायचं आणि लग्नाकडे पाठ करून, हात जोडून उभं राहायचं. अंतरपाट पडला, शेवटच्या अक्षता पडल्या, बँड वाजला की मग वळायचं. का, ते कुणी विचारत नाही. कुणी म्हणतं आईची नजर लागते, कुणी म्हणतं त्या वेळी आईचा जीव थाऱ्यावर राहत नाही. माझ्या मते हा शुद्ध अन्याय आहे आणि तसं मी ताईला अनेकदा सांगितलंय. पण ताई तुळशीपाशी उभी राहणारच, हेही मला माहीत होतं.

“माझ्या लग्नात आई अशीच उभी व्हती,” ताई म्हणाली. “पुढं मरेस्तोवर मला विचारायची, अंतरपाट पडला तव्हा तुझं तोंड कसं व्हतं गं? मला काय ठावं? म्या काय आरसा घेऊन उभी व्हते?”

आम्ही दोघीही हसलो. मग हसू विरून गेलं, कारण आईचा तो प्रश्न मीही ऐकलेला होता, शेवटी शेवटी तर रोज. ताईच्या लग्नात अक्षतांच्या वेळचा एकच फोटो निघाला आणि त्यात फेटेवाल्यांच्या पाठी आणि वर लटकणारा पंखा एवढंच आहे. आईनं तोसुद्धा जपून ठेवला होता.

“त्या फोनवाल्यांचा मला भरोसा नाय,” ताई म्हणाली. “ते समदं गोड करून देत्यात. तू मला तिचं त्या टायमाचं तोंड दाखव. हसायली, रडायली, भ्यायली, जसं आसंल तसं. मला दुसरं काय बी नको.”

त्या दिवशी दुकान बंद केल्यावर मी कपाटातून तोफ काढली आणि तिची काच पुसायला बसले.

लग्नाच्या दिवशी ती मी रुखवताच्या खोक्यात लपवून नेली. रुखवत म्हणजे मुलीबरोबर द्यायच्या वस्तू आणि शोभेच्या कलाकुसरी. त्याचं मोठं टेबल मांडतात आणि त्याची खोकी कुणी तपासत नाही, असा माझा हिशेब. हिशेब चुकला. खोक्यापाशी गेले तर खोकं रिकामं. मांडामांड करणाऱ्या आमच्या चुलत वहिनींनी आतलं सगळं टेबलावर काढून ठेवलं होतं. लोकरीचा गणपती, साखरेची बैलगाडी, मोत्यांचं तोरण, आणि त्यांच्या मधोमध, खाली क्रोशाचा रुमाल अंथरून, माझी तोफ. उभी. वरून हळदीकुंकू लावलेली. मुलाकडच्या दोन बायका तिला हात लावून बघत होत्या. एक म्हणाली, “भारीतला थर्मास दिसायलाय.” दुसरी म्हणाली, “दोन लिटर तर बसंल चहा.”

मी थर्मास उचलला आणि पदराखाली घालून निघाले. मागून वहिनी ओरडल्या, “अवो, रुखवतातलं उचलू नाय!” मी वळून बघितलं नाही.

जागा मी आदल्या दिवशीच हेरून ठेवली होती. पाखरांची सवय; आधी जाऊन ऊन कुठून येतं, वारा कुठला, आपण कुठे बसायचं ते बघून यायचं. लॉनच्या प्रवेशद्वारावर सनईवाल्यांसाठी एक माडी बांधलेली होती. सनई आता रेकॉर्डवर वाजते, त्यामुळे वर माणूस नव्हतं, नुसता एक भला मोठा स्पीकर होता. लोखंडी शिडीवरून पैठणी नेसून वर चढणं हे माझ्या वयाला शोभणारं नव्हतं, पण चढले. कानाशी सनई अशी काही कोकलत होती की स्वतःचा विचार ऐकू येईना.

तिथून स्टेज लॉनच्या पार दुसऱ्या टोकाला होतं. नुसत्या डोळ्यांना माणसं बोटाएवढी दिसत होती. मी पर्समधला कॅमेरा तोफेला जोडला, आदल्या दिवशीच वर ठेवून गेलेला एका पायाचा स्टँड टेकवला, तोफ त्यावर ठेवली आणि डोळा लावला. भाची एकदम हाताच्या अंतरावर आली. पिवळी साडी, मुंडावळ्या, हातात हार, समोर अंतरपाटाचं पांढरं कापड. हनुवटीवरची खूण दिसली. लहानपणी ती दाजींच्या आडतीतल्या वजनकाट्यावर पडली होती आणि ताई तिला उचलून अनवाणी दवाखान्यापर्यंत पळाली होती, त्या वेळची ती खूण.

मंगलाष्टकं सुरू झाली आणि माझ्या भीतीप्रमाणेच झालं. बसलेली सगळी माणसं उठली आणि स्टेजकडे सरकली. ज्याचा त्याचा हात वर, हातात फोन. जवळ गेल्याशिवाय फोनला काही दिसत नाही आणि सगळेच जवळ गेले की कुणालाच काही दिसत नाही. ते दोघे रीलवाले नवऱ्या मुलीच्या अगदी तोंडापुढे होते. तिनं पापणी हलवली तरी त्यांना वारा लागला असता. माझ्या मनात तेव्हाच आलं की एवढ्या जवळ कुणी फोन धरला तर कुठलंच माणूस आपल्या मनातलं तोंडावर येऊ देणार नाही. चक्रवाकसुद्धा देत नाही. या लेन्सचा खरा उपयोग लांबचं जवळ आणण्याचा नाहीच. ती मला लांब उभं राहू देते. समोरच्याला माझा विसर पडतो, आणि मग तो जसा आहे तसा राहतो. इतकी वर्षं वाद घालताना हे साधं उत्तर मला कधी सुचलं नव्हतं आणि सुचलं ते नेमकं स्पीकरच्या शेजारी, जिथं ते कुणाला ओरडून सांगितलं तरी ऐकू गेलं नसतं.

तेवढ्यात माझ्या चौकटीत खालच्या बाजूला काहीतरी हिरवं आलं. मी वैतागले, म्हटलं आता हे कोण मधे कडमडलं? बघते तर ताई. सजावटवाल्यांनी तुळशीचं वृंदावन लॉनच्या वाटेवर मांडलं होतं, माझ्या आणि स्टेजच्या बरोबर मध्ये. ताई स्टेजकडे पाठ करून, म्हणजे माझ्याकडे तोंड करून उभी होती. हिरवं लुगडं, जोडलेले हात, मिटलेले डोळे. तिचे ओठ हलत होते. गर्दी सगळी पुढे गेल्यामुळे तिच्या आसपास नुसत्या रिकाम्या खुर्च्या होत्या.

लांबच्या लेन्सची एक खोड आहे. एकामागे एक असलेल्या गोष्टींमधलं अंतर ती गिळून टाकते. मधलं अख्खं लॉन, खुर्च्या, पंगतीची वाट, सगळं गळून गेलं. खाली ताई आणि तिच्या खांद्याच्या वर, अगदी टेकल्यासारखी, तिची लेक.

शेवटचं “सावधान” झालं. अंतरपाट खाली गेला.

सगळे नवऱ्या मुलाकडे बघत होते आणि नवरा मुलगा माझ्या भाचीकडे. भाचीनं त्याच्याकडे बघितलं नाही. तिनं मान वळवली. त्या सगळ्या उंचावलेल्या फोनांच्या वरून तिनं सरळ तुळशीकडे बघितलं, आईच्या पाठीकडे. ती हसत नव्हती आणि रडतही नव्हती. शाळेच्या पहिल्या दिवशी फाटकातून आत गेल्यावर मूल एकदा मागे वळून बघतं ना, आई गेली की आहे ते बघायला, तसं तिचं तोंड होतं. निमिषभर. मग अक्षतांचा पाऊस पडला, कुणीतरी तिचा हात धरून हार वर केला आणि ती हसली.

मी बटण दाबलेलं होतं. दाबलं की नाही हे मला आठवत नव्हतं, पण बोटाला पाखरांची सवय असल्यानं त्यानं आपलं काम केलं होतं. भाची लख्ख आली होती, डोळ्यांपासून हनुवटीच्या खुणेपर्यंत. ताई जवळ असल्यामुळे किंचित अस्पष्ट होती. फोननं गणित करून दोघींना सारखंच ठळक केलं असतं. मला ते आवडलं नसतं.

मी कुणालाच काही सांगितलं नाही. हे माझ्या स्वभावाच्या इतकं विरुद्ध होतं की त्या रात्री मला जेवण गेलं नाही. दुसऱ्या दिवशी मी त्याची चांगली मोठी प्रत छापून घेतली, जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळली आणि मांडव परतणीची वाट बघत बसले.

मांडव परतणीला, म्हणजे लग्नानंतर मुलगी पहिल्यांदा माहेरी येते तेव्हा, आम्ही सगळे लासूरला जमलो. गठ्ठा मी आल्या आल्या कपाटामागे सरकवून ठेवला. दुपारी पुरणपोळीची जेवणं झाली. जावईबापूंनी फोन टीव्हीला जोडला, कारण रीलवाल्यांनी सगळे फोटो पाठवले होते. फोटो झकास होते. मी मोकळ्या मनानं म्हणते, झकास होते. हळद नुसती सोन्यासारखी दिसत होती, दाजी दहा वर्षांनी तरुण झाले होते आणि कुणाचेही डोळे मिटलेले नव्हते.

मग अंतरपाटाचा फोटो आला. भाची नवऱ्याकडे बघून गोड हसत होती. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. ताई चष्मा लावून टीव्हीजवळ गेली.

“छान हाय,” ती म्हणाली. जरा वेळानं पुन्हा म्हणाली, “छान हाय. पण हिच्या हनुवटीवरची खूण कुठाय?”

खूण नव्हती. हनुवटी अंड्यासारखी गुळगुळीत होती. कुणाला त्यात विशेष वाटलं नाही. दाजी म्हणाले, बरंच झालं, खूण गेली. ताई परत येऊन खुर्चीवर बसली ती टीव्हीकडे न बघता.

पुढचा फोटो स्टेजच्या मागून काढलेला होता. पाठमोरी जोडी, समोर सगळी गर्दी आणि गर्दीपलीकडे लांबवर लॉनची वाट. भाची पुढे वाकली.

“आई कुठे गेली?”

“कुठं म्हंजी?” दाजींनी विचारलं.

“इथं तुळस आहे बघा. इथंच आई उभी होती.” ती उठून टीव्हीपाशी गेली आणि तिनं बोट टेकवलं. वृंदावन होतं. खुर्च्या होत्या. वृंदावनापाशी हिरवळीचा एक स्वच्छ पट्टा होता आणि त्यावर कुणीच नव्हतं.

तिनं तिथल्या तिथं रीलवाल्यांपैकी एकाला स्पीकरवर फोन लावला. तो बिचारा मोकळेपणानं म्हणाला, “हां मॅडम, एक आंटी होत्या. सगळे तुमच्याकडे तोंड करून आणि त्या एकट्या पाठ करून. फोननंच दाखवलं, ही व्यक्ती काढू का? आम्ही काढली. फ्रेम एकदम क्लीन झाली ना?”

“माझी आई होती ती,” भाची म्हणाली आणि तिनं फोन कट केला.

त्या मुलाला मी दोष देत नाही. फोनलाही देत नाही. सगळं लग्न एकीकडे बघतंय आणि एकच बाई उलटी उभी आहे, म्हणजे ती वाट चुकून आलेली असणार, असं गणितानं ठरवलं. गणिताला तुळशीचं काय माहीत? पण राग मला आला, आणि त्या रागाबरोबर, खरं सांगते, अंगात असा काही उत्साह आला की मी जवळजवळ उडीच मारली.

जावईबापूंना मात्र वेगळाच प्रश्न पडला होता. “एक मिनिट,” ते बायकोला म्हणाले, “आई तिथं उभ्या होत्या हे तुला कसं माहीत? अंतरपाट पडला तेव्हा तू माझ्याकडे बघत होतीस ना?”

भाची गोरीमोरी झाली. “एकदाच बघितलं मी तिकडे,” ती म्हणाली. “कुणाला दिसलं नसेल.”

“मला दिसलं,” मी म्हटलं आणि कपाटामागून गठ्ठा काढला.

वर्तमानपत्र मी घाईघाईनं फाडलं. फोटो मी टीव्हीच्या पुढ्यात उभा केला, टीव्ही झाकून. सगळे पुढे सरकले. दाजीसुद्धा, तेही खोडी न काढता, आणि ही माझ्या आयुष्यातली पहिलीच वेळ. जावईबापू जवळ आले, त्यांनी आधी सासूकडे बघितलं, मग बायकोकडे, आणि दोन्ही हात कानाला लावून माझ्यापुढे वाकले. भाची माझ्या खांद्यावर, त्याच दुखऱ्या खांद्यावर, डोकं टेकवून म्हणाली, “मावशी, हा खरा आहे.” मी वाट बघितली. “आणि छानपण आहे,” ती म्हणाली. मी तिच्या पाठीत एक धपाटा घातला.

ताई मात्र खुर्चीतून उठली नव्हती. मी फोटो उचलून तिच्या मांडीवर ठेवला. तिनं चष्मा पुसला, पुन्हा लावला. आधी लेकीच्या हनुवटीवरच्या खुणेवर बोट ठेवलं. मग ते बोट हळूहळू खाली आलं, हिरव्या लुगड्यापर्यंत, आणि तिथं थांबलं.

“ही मी व्हय?”

“व्हय.”

“आन ही माझ्याकडं बघायली?”

“तुझ्याकडंच,” मी म्हटलं.

तिनं वर बघितलं. लेक समोर उभी होती, नाक पुसत. ताईनं फोटो दोन्ही हातांनी छातीशी धरला आणि मोठ्यानं, सगळ्या घराला ऐकू जाईल असं म्हणाली, “बघितलं बाई म्या माझ्या पोरीचं लगीन.”